मान मागे टाकणारं बाळ

“अगं, मान पुढे घे त्याची. अशी मागे लोंबती ठेवून कुणी पाजतं का?”

शालनने माझ्याकडे पाहिलं, मग बाळाकडे पाहिलं आणि पदर आणखी ओढून घेतला. पाच महिन्यांचा बिरू तिच्या डाव्या हातावर आडवा होता. त्याचं डोकं तिच्या कोपराच्या पलीकडे मागे कलंडलेलं, हनुवटी छताकडे. तीच त्याच्यावर ओणवी झाली होती. बघणाऱ्याची पाठ दुखावी अशी ती बसली होती, पण बाळ मात्र पीत होतं.

“पितोय की बाई,” ती म्हणाली.

“पितोय, पण नीट नाही. दूध चुकीच्या वाटेने गेलं तर?”

“म्होरं घेतली मान, की ह्येचा आवाज वाढतुया. मागं सोडली की गप पितो. म्या पाच म्हैनं बघतीया.”

“मी पाच वर्षं शिकलेय,” मी म्हणाले.

हे वाक्य मी खरंच बोलले. तेव्हा मी पंचवीस वर्षांची होते. पुण्याहून त्या जिल्ह्याच्या गावी, सरकारी रुग्णालयाच्या बालरोग विभागात शिकायला आले होते. पहिलं वर्ष, म्हणजे सर्वांत खालची पायरी. वरचे सगळे मला ओरडत आणि मी खाली आयांना ओरडत असे. उंटावरून शेळ्या हाकायला मी तिथे फार लवकर शिकले.

त्या आठवड्यात आमच्या वॉर्डात वेगळीच गडबड होती. ‘बाळस्नेही रुग्णालय’ अशी पाटी मिळवायची होती आणि बुधवारी तपासणी समिती येणार होती. भिंतींवर चित्रं लागली, चादरी बदलल्या, आणि आमचे विभागप्रमुख बेलवलकर सर मला म्हणाले, “गोरक्षकर, पाजण्याची पद्धत तुझ्याकडे. बुधवारी एकही आई वेडीवाकडी बसलेली दिसता कामा नये.” मी छाती फुगवून कामाला लागले. बाळाचं डोकं आणि अंग एका रेषेत, मानेमागे आईचा हात, बाळाला छातीशी आणायचं, आपण वाकायचं नाही. वॉर्डातल्या बावीस आयांपैकी एकवीसजणी दोन दिवसांत शिकल्या. उरली ही एक.

“तीन दिवस सांगतेय मी तिला,” लोखंडे सिस्टर म्हणाल्या. “पालथ्या घड्यावर पाणी. आपण पुढे गेलो की हिचं पुन्हा तेच.”

शालन वीस-एकवीस वर्षांची असेल. तिच्या माणसांची मेंढरं होती. वर्षातले आठ महिने ती कळपामागे गावोगाव फिरत. बिरूला घेऊन ती तिसऱ्यांदा आमच्याकडे आली होती. जन्मल्यापासून त्याच्या श्वासाला घरघर होती आणि मध्येच खोकल्याची उबळ येऊन तो काळानिळा पडायचा. पहिल्या खेपेला कुणीतरी केसपेपरवर ‘बाळदमा’ लिहिलं होतं. दुसऱ्या खेपेच्या डॉक्टरने पहिला कागद पाहून तेच लिहिलं आणि तिसऱ्या खेपेला मी दुसरा पाहून. खाली रोज सकाळी तीन अक्षरं: सीएसटी. म्हणजे कालचीच औषधं आजही चालू ठेवा. वॉर्डात डॉक्टर सगळ्यात जास्त वेळा काय लिहितो, तर ही तीन अक्षरं. ती लिहायला बाळाकडे बघावं लागत नाही.

“इकडे दे,” मी म्हणाले आणि बिरूला हातात घेतलं. चार किलोसुद्धा भरत नव्हता. मी त्याच्या मानेमागे हात घालून डोकं पुढे घेतलं. घरघर एकदम चढली. दुसऱ्या हाताने मी स्टेथोस्कोप त्याच्या छातीला लावला. दम्याचा आवाज श्वास बाहेर टाकताना येतो. ह्याचा आत घेतानाही येत होता, बाहेर टाकतानाही. डोकं मागे सोडलं, आवाज उतरला. पुन्हा पुढे घेतलं, चढला.

मी हे ऐकलं. ऐकलं नाही असं मला आजही म्हणता येत नाही.

“बगितलं?” शालन म्हणाली. “आमच्या कळपात एक कोकरू हुतं आसंच. मान वर धरूनच पाजायचं त्येला. खाली केली की तडफडायचं.”

“हे मेंढरू नाही,” मी म्हणाले आणि बाळ तिच्या हातात दिलं. शेजारच्या खाटेवरच्या बायका हसल्या. शालनचा चेहरा उतरला. ती पुन्हा ओणवी झाली आणि बिरूचं डोकं पुन्हा कोपरामागे गेलं.

मंगळवारी सकाळी राउंडला मी धीर करून बोलले. “सर, ह्या बाळाचा आवाज मानेबरोबर बदलतो. आणि पाजताना वाढतो.”

बेलवलकर सर पुढच्या खाटेकडे निघाले होते. ते वळले. “वाढणारच. अशी तंगडीला धरल्यासारखी पाजतेय ती. तू शिकवलं नाहीस का अजून?”

“शिकवलं सर, ऐकत नाही.”

“मग आवाज आईमुळे बदलतो, मानेमुळे नाही.”

सगळे हसले. मीही हसले. हसले नसते तर निदान एक शंका तिथे उभी राहिली असती. कदाचित सर वैतागून म्हणाले असते, “काढ बाई एक फोटो, तुझं समाधान होऊ दे.” क्ष-किरण विभाग त्याच मजल्यावर होता. बाळाला चमचाभर पांढरं बेरियम पाजायचं आणि ते गळ्यातून खाली उतरताना फोटो घ्यायचा, एवढंच ते काम. वीस मिनिटांचं. पण सर हसले, म्हणून मी हसले, आणि कागदावर लिहिलं सीएसटी.

त्या दुपारी मी शालनच्या खाटेवर जाऊन बसले. आवाज मऊ केला. मऊ आवाजात धमकी जास्त चांगली लागू पडते, हेही मी तोवर शिकले होते.

“उद्या मोठी माणसं येणार आहेत. त्यांनी तुला असं पाजताना पाहिलं तर सगळ्यांचं नाव खराब होईल. तुला आमचं ऐकायचंच नसेल तर इथे राहून उपयोग काय? घरी जा.”

ती घाबरली. “घरी कुटं जाऊ बाई? माळावर हाय आमचं बिऱ्हाड. तितं ह्येला उबळ आली तर कोन हाय?”

“मग ऐक.”

“किती येळ धरायचं तसं?”

“ते लोक इथून पुढे जाईपर्यंत. पाच मिनिटं.”

“पाचच?”

“पाचच.”

तिने बराच वेळ बिरूच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मग म्हणाली, “बरं. तुमी शिकलेल्या हाय.”

बुधवारी अकराला समिती आली. दोन पुरुष आणि एक गोऱ्यापान, हसऱ्या बाई. बेलवलकर सरांच्या अंगावर नवा कोट होता. आयांची रांग अगदी चित्रासारखी बसली होती. शालन सहाव्या खाटेवर. पाठ ताठ, बाळाचं डोकं आणि अंग एका रेषेत, मानेमागे तिचा उजवा हात. मी तिच्याकडे पाहून मान डोलावली. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. ती बाळाकडे बघत होती.

बिरूने दोन-तीन घोट घेतले. घरघर चढली. चौथ्या खाटेपर्यंत आलेल्या त्या बाईंनी वर पाहिलं. मला घाम फुटला. एवढ्या शांत वॉर्डात तो एकच आवाज, आणि तो माझ्या बाळाचा, म्हणजे मी शिकवलेल्या आईच्या बाळाचा. शालनचा हात सैल होऊ लागला. मी डोळे वटारले. तिने पुन्हा डोकं पुढे घेतलं.

आणि आवाज थांबला.

मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! समिती सहाव्या खाटेपाशी आली. त्या बाई वाकून म्हणाल्या, “वा, किती छान धरलंय! बघा, कसं शांत झालंय बाळ.” सर माझ्याकडे बघून हसले. समिती सातव्या खाटेकडे गेली.

“बाई,” शालन हळूच म्हणाली, “ह्यो गप झालाय.”

“पितोय तो. बोलू नकोस.”

“न्हाई बाई. पीत न्हाई.”

मी पदर बाजूला केला. बिरू शाईसारखा निळा झाला होता.

पुढचं सगळं आम्ही नीट केलं. तेवढं आम्हाला येत होतं. घशातलं दूध ओढून काढलं, छाती दाबली, सुया टोचल्या. मी त्याच्या श्वासनळीत नळी घातली. नळी घशातून उतरली आणि पुढे कुठेतरी अडली. मी बारीक नळी घेतली, तीही त्याच जागी अडली. असं व्हायला नको होतं. चाळीस मिनिटांनी बेलवलकर सर आले, त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “पुरे.”

समिती तोवर चहाला गेली होती. पाटी मिळाली. ती अजून त्या दाराशी आहे, असं ऐकते.

मग कागद पुरा करायचा होता. मृत्यूचं कारण लिहायचं होतं. मी लिहिलं: ‘पाजताना दूध श्वासनलिकेत गेले.’ आणि खाली आणखी एक ओळ, जी मला कुणीही लिहायला सांगितली नव्हती: ‘वारंवार समजावूनही आई चुकीच्या पद्धतीने पाजत असे.’ वड्याचं तेल वांग्यावर काढायला मला दोन मिनिटंही लागली नाहीत.

लोखंडे सिस्टरांनी ते बाहेर शालनच्या नवऱ्याला सांगितलंसुद्धा. सिद्धू त्याचं नाव, डोक्याला लाल पटका, हातात बिरूसाठी आणलेली टोपी. तो माझ्याकडे आला.

“हिच्या पाजन्यानं गेला म्हनत्यात. खरं हाय?”

ती नळी माझ्या डोक्यातून जात नव्हती. मी म्हणाले, “आत काहीतरी अडचण असावी असं मला वाटतं. तुम्ही परवानगी दिलीत तर आम्ही बघू. तपासणी करावी लागेल.”

“फाडनार?”

“हो. पण काय कळलं ते मी स्वतः येऊन सांगेन. माझा शब्द आहे.”

त्याने शालनकडे पाहिलं. ती भिंतीला टेकून खाली बसली होती आणि आपल्या उजव्या हाताकडे बघत होती. सिद्धूने अंगठा उठवला.

दुसऱ्या दिवशी मी शवविच्छेदनाला उभी राहिले. डॉक्टर इनामदार साठीला आलेले, कमी बोलणारे. एका जागी ते थांबले, चष्मा पुसला आणि मला जवळ बोलावलं.

“हे बघ. हृदयातून मोठी धमनी वर निघते, कमान करते आणि खाली वळते. तुझी-माझी एकाच बाजूने वळते. ह्याची वर येऊन दुभंगली आहे. एक कमान उजवीकडून, एक डावीकडून, आणि मागे जाऊन दोन्ही पुन्हा एक. मधे काय सापडलं?”

“श्वासनळी,” मी म्हणाले.

“आणि अन्ननळी. मोळीला दोर आवळावा तशा दोन्ही आवळल्यात. मी पुस्तकात पाहिलं होतं, हातात आज पहिल्यांदा आलं. घोट उतरला की अन्ननळी फुगणार आणि श्वासनळी आणखी दबणार. मान पुढे केली की उरलंसुरलंही बंद.” ते थोडा वेळ बोटाने ती कमान चाचपत राहिले. “ह्या पोराला मान मागे टाकली तरच वारा मिळत असणार. पाच महिने जगला कसा हे नवल आहे. कुणीतरी फार जपून पाजलंय ह्याला.”



“ह्याला उपाय होता?” मी विचारलं.

“मुंबईत करतात. दोनातली बारीक कमान बांधून कापायची. मोकळा झाला असता.”

बेलवलकर सरांना मी सगळं सांगितलं. आईचं म्हणणं, मानेचं, माझ्या त्या ओळीचं. ते दचकले, हे खरं. मग म्हणाले, “कागदावर खाडाखोड करायची नसते. आणि हे बघ, इतकं दुर्मीळ आहे की कुणालाच कळलं नसतं.”

“आईला कळलं होतं, सर.”

“आईला आजार कळला नव्हता. सवय कळली होती. तू हे लिहून काढ. परिषदेत मांड.”

मी मांडलं. पुढल्याच महिन्यात, कोल्हापूरला. तक्ते, छायाचित्रं, सगळं नीटनेटकं. ‘आईने सांगितलेली लक्षणं’ असा एक मुद्दाही घातला, तेवढीच प्रामाणिकपणाची चव. पहिलं बक्षीस मिळालं. टाळ्या वाजत असताना मला सिद्धूला दिलेला शब्द आठवला. घरी येऊन रडले आणि रविवारी निघाले.

कळप शोधायला दोन रविवार गेले. एका गावाबाहेर, कापणी झालेल्या ज्वारीच्या रानात मेंढरं खतासाठी बसवली होती. भर दुपार होती. शालन एकटीच तीन दगडांच्या चुलीपाशी भाकरी करत होती. मला पाहून ती उठली, पदराने हात पुसले आणि एक पोतं अंथरलं.

“बसा बाई. च्या टाकू?”

“नको. मी सांगायला आले आहे.”

सात आठवड्यांत ती निम्मी झाली होती. मीच विचारलं, बरी आहेस ना? ती म्हणाली, “हाय की. सासू हातचं खात न्हाय. बाकी बरं हाय.”

मी धडाधड सांगून टाकलं. धमनी, कमान, आवळलेला श्वास. हाताच्या बोटांचं कडं करून दाखवलं. ती डोळे न हलवता ऐकत होती. शेवटी मी म्हणाले, “शालन, तुझी चूक नव्हती. तू धरत होतीस तसंच त्याला धरायला हवं होतं. तुलाच बरोबर कळलं होतं. चूक माझी होती. आम्हा सगळ्यांची होती.”

हे बोलायला मी दोन रविवार वणवण केली होती. मला वाटलं होतं ती रडेल, मला शिव्या देईल, मग तिच्या उरावरचं ओझं उतरेल. आणि खोटं कशाला बोलू, माझ्याही.

ती रडली नाही. तव्यावरची भाकरी जळू लागली होती, ती तिने उतरवली.

“म्हंजी त्या दिवशी मान मागं ठिवली असती, तर?”

“तर तो श्वास घेत राहिला असता.”

“आन् मग?”

“मग आमच्या लक्षात आलं असतं तर मुंबईला पाठवला असता. ऑपरेशन असतं त्याचं.”

“जगला असता?”

“बहुतेक. हो.”

मग तिने आपला उजवा हात पुढे केला आणि उलटासुलटा करून पाहिला.

“बाई, आजवर म्या म्हनत हुते, म्या अडानी. मला कळलं न्हाई, म्हनून गेला. अडान्याला काय, त्येला देव बी माफ करतोय. आन् तुमी म्हनताय मला बरुबर कळलं हुतं.”

“हो, पण मी दरडावलं तुला. घरी पाठवायची भीती घातली.”

“व्हय, घातली. पर हात तुमचा नव्हता. कळत हुतं, आवाज ऐकू येत हुता, हात ढिला बी झाला हुता माजा. आन् तुमी डोळं वटारल्यावर म्या पुन्यांदा म्होरं घेतली. ह्याच हातानं. डोळं वटारलं म्हनून कोन आई लेकराचा जीव घेती का?”

तोवर रानाच्या बांधावरून सिद्धू येताना दिसला. मी उठले. निदान त्याला तरी सांगायचं, सासूला कळू दे, गावाला कळू दे, असं मनात होतं. शालनने माझं मनगट धरलं.

“त्येंना सांगू नगा.”

“अगं, ते तुला दोष देतात.”

“देऊ द्या. चुकून मारलं म्हनत्यात तवर ऱ्हाऊ देतील. कळत असून मारलं म्हनलं, तर मग ह्या घरात म्या कशी ऱ्हाऊ? आन् माजं मला तर आता ह्ये घिऊनच ऱ्हायचं हाय.”

सिद्धू जवळ आला. त्याने पटका काढून घाम पुसला आणि मला नमस्कार केला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, उलट मी शब्द पाळला म्हणून बरं वाटल्यासारखं काहीतरी होतं.

“आलासा म्हनायचं बाई. काय कळलं का मग, फाडून?”

मी शालनकडे पाहिलं. ती चुलीत काटकी सारत होती.

“काय न्हाई,” ती म्हणाली. “दूदच गेलं हुतं. माजीच चूक. व्हय न्हवं, बाई?”

मी ‘हो’ म्हणाले.